गांजाचें व्यसन : त्याचें स्वरूप व त्यावरील उपचार

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकांच्या व तरुणांच्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवसांत वक्त्यानें गोड बोलावें, असा संकेत आहे. पन्नास वर्षांपूर्वीं आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनीं केळीच्या बागांतून व भाजीच्या वाड्यांतून वेळ काढून हें प्रार्थनामंदिर उभारलें. त्यांचें गुणगान आज सकाळपासून पुष्कळ झालें, व तें योग्यच झालें. परंतु ज्या घरीं उत्सव असेल त्याच घरांतील एक मूल आजारी पडलेलें असेल, तर आईबापांचें चित्त मेजवानींत रमत नाहीं. माझी आज तशीच अवस्था आहे. म्हणून उत्सवसमितीनें मला 'आपल्या धर्मग्रामाची वाटचाल' हा विषय दिला असतांहि, तिची क्षमा मागून, मीं दुसरा विषय घेतला आहे. तो म्हणजे गांजाचें व्यसन.

प्रथम माझी एक चूक तुमच्यापुढें कबूल करतों. आजवर पापनिवेदनाच्या आसनावर बसून मीं तुमचें ऐकलें. आज तुम्हीं माझें ऐकावें.

बारा वर्षांपूर्वीं, मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना, एक माता सकाळच्या मिस्सानंतर माझ्याकडे आली. तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा दोन वर्षें गांजा ओढीत होता व दिवसांतून चार-पांच वेळां ओढण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. मीं त्याला बोलावून घेतलें. अर्धा तास उपदेश केला, आईच्या अश्रूंची आठवण दिली, आणि शेवटीं क्रुसावर हात ठेवावयास लावून पुन्हां त्या वस्तूला शिवणार नाहीं अशी शपथ घेवविली. तो रडला, मी समाधान पावलों. पांचव्या दिवशीं शपथ मोडली. त्यानंतर तीन वर्षें तो मुलगा चर्चची पायरी चढला नाहीं. रस्त्यांत मी दिसतांच तो आडगल्लींत वळे. मी मनांत म्हणें, मुलगा कोडगा आहे.

पुढें एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांशीं बोलण्याचा प्रसंग आला, तेव्हां माझे डोळे उघडले. त्या पांच दिवसांत तो मुलगा जवळजवळ झोपलेला नव्हता. घास घशाखालीं उतरत नव्हता. अंगाला घाम सुटे व मन क्षणोक्षणीं भडके. हें सर्व होणार, हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें, कारण मलाच तें ठाऊक नव्हतें. मीं त्याची बेडी तोडली नव्हती. उलट तिला शपथभंगाच्या पापाची आणखी एक कडी जोडून दिली होती. त्या अज्ञानाचें थोडेंसें परिमार्जन व्हावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

आतां मूळ विषयाकडे वळूं. भांग, गांजा आणि चरस हीं एकाच झाडाचीं तीन रूपें. पानें वाटून होते ती भांग. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे वाळवून होतो तो गांजा. आणि त्या फुलोऱ्यावरील चिकट राळ म्हणजे चरस. आपल्या देशाला ही वनस्पति नवी नाहीं. इ. स. १८९३ मध्यें तत्कालीन सरकारनें या विषयाच्या चौकशीसाठीं सात सभासदांचें मंडळ नेमलें. त्यानें ११९३ जणांच्या साक्षी घेतल्या व १८९४ सालीं अहवाल दिला. त्या काळीं आपल्या मराठी मुलखांत, नगर जिल्ह्यांत, परवान्यानें गांजाची लागवड होत असे. मंडळाचा निष्कर्ष असा पडला, कीं मित सेवनानें बहुधा मोठा अपाय होत नाहीं, अति सेवनानें मात्र होतो. सबब सरसकट बंदी न करतां कर व परवाने यांनीं नियंत्रण ठेवावें.

हा अहवाल मी मुद्दाम सांगतों, कारण आपल्यांतील वाचणारे तरुण तो मला सांगणारच आहेत. सत्याला सत्यानेंच उत्तर द्यावें. मित सेवनाविषयींचें तें मत शंभरांहून अधिक वर्षांपूर्वींचें आहे. मेंदूंत काय घडतें, हें पाहण्याचें साधन तेव्हां कोणाजवळ नव्हतें. शिवाय माल तोच राहिलेला नाहीं. अमेरिकेंत जप्त केलेल्या मालाच्या तपासणींत मादक द्रव्याचें सरासरी प्रमाण १९९५ सालीं सुमारें ४ टक्के होतें. तें २०१४ सालीं सुमारें १२ टक्क्यांवर गेलें. आणि तिसरी गोष्ट म्हणजे वय. मिसरूड फुटण्यापूर्वींच हातीं चिलीम घेणाऱ्या शाळकरी मुलाच्या बाबतींत मित सेवनाच्या गोष्टी बोलण्यांत अर्थ नाहीं.

कायद्याविषयीं दोन शब्द. १९८५ सालच्या अमली पदार्थविषयक कायद्यानें गांजा व चरस जवळ बाळगणें, विकणें व सेवन करणें हा अपराध ठरविला आहे. नुसत्या पानांचा, म्हणजे भांगेचा, त्या व्याख्येंत समावेश नाहीं. पण याच कायद्यांतील दुसरें एक कलम फारच थोड्या पालकांना ठाऊक असतें. व्यसनाधीन मनुष्यावर केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणांतील मालाचा आरोप असेल, आणि तो आपण होऊन सरकारी वा सरकारमान्य ठिकाणीं उपचार घेऊन ते पुरे करील, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळूं शकतें. म्हणजे कायद्यानेंहि दंडाशेजारीं औषधाची वाट मोकळी ठेविली आहे. मग आईबापांनीं ती कां बंद करावी?

आतां ही वस्तु शरीरांत करते काय, तें पाहूं. गांजांतील मुख्य मादक द्रव्य टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, संक्षेपानें टी. एच. सी., याची घडण १९६४ सालीं इस्राएलमध्यें राफाएल मेशुलम व त्यांचे सहकारी यांनीं निश्चित केली. पुढें असें आढळलें, कीं मेंदूंतील पेशींवर या द्रव्याला बसावयास जणूं आयतीं कुलुपें आहेत. ईश्वरानें मनुष्याच्या मेंदूंत गांजासाठीं कुलुपें घडविलीं असतील काय? तसें नव्हे. त्या कुलुपांची खरी किल्ली शरीर स्वतःच तयार करतें. १९९२ सालीं ती यरुशलेम येथील विद्यापीठांत सांपडली, आणि संशोधकांनीं तिचें नांव संस्कृतांतील 'आनंद' या शब्दावरून 'आनंदामाइड' असें ठेविलें!

बंधुभगिनींनो, हें नांव ऐकून मी कितीतरी वेळ स्तब्ध बसलों होतों. भूक, झोंप, भीति, स्मरण यांचा तोल राखण्यास मदत करणारें हें द्रव्य शरीर लागेल तेव्हां, लागेल तेथें, अगदीं थोडें निर्माण करतें, आणि काम होतांच मोडून टाकतें. जणूं पाटाचें पाणी वाफ्यापुरतें सोडावें व लगेच बांध घालावा. गांजा ओढणें म्हणजे सारे बांध फोडून वाडींत पूर आणणें होय. रोज पूर आला तर मेंदू काय करतो? तो कुलुपांची संख्या कमी करतो. मग पहिल्याइतकी धुंदी येण्यास अधिक माल लागतो. आणि माल थांबतांच, शरीरांतील स्वाभाविक आनंद अपुरा पडून, झोंप उडते, भूक मरते, मन चिडतें. हेंच तें व्यसन.

येथें एक दिलाशाची गोष्ट सांगतों. आपल्याकडे एक म्हण आहे : जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाहीं. या म्हणीनें किती घरांचा धीर खचविला असेल, कोण जाणे! रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूचें चित्रण करून २०१२ सालीं संशोधकांना असें दिसून आलें, कीं सुमारें चार आठवडे ती वस्तु वर्ज्य केल्यावर कमी झालेलीं हीं कुलुपें बहुतांशीं पूर्ववत् होतात. कुलुपें भरून आलीं म्हणजे व्यसन संपलें, असें मात्र नव्हे. संगत, संवय व मनाची ओढ यांशीं लढा पुढेंहि चालूच राहतो. पण खोड जित्याचीहि जाऊं शकते, एवढें निश्चित.

ओढणारा प्रत्येक मनुष्य व्यसनी होतो काय? नाहीं. एकदां तरी सेवन करणाऱ्या शंभरांपैकीं सुमारें नऊ जण त्याच्या आधीन होतात, असा पूर्वीपासूनचा अंदाज आहे. पण कुमारवयांत सुरुवात करणाऱ्यांत हें प्रमाण सहांत एक इतकें वाढतें, आणि रोज ओढणाऱ्यांत त्याहूनहि अधिक आढळतें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीप्रमाणें मागील वर्षभरांत भांग, गांजा वा चरस घेतलेल्यांची संख्या सुमारें ३ कोटी १० लक्ष होती, व त्यांपैकीं सुमारें ७२ लक्ष लोकांना त्यापायीं साहाय्याची गरज होती. तेव्हां माझ्या घरीं हें कसें आलें, म्हणून कोणीं तोंड लपवूं नये.

व्यसन ओळखावें कसें? कमी करावयाचें ठरवूनहि कमी होत नाहीं. मिळविण्यांत, ओढण्यांत व उतरण्यांत दिवस जातो. अभ्यास, खेळ व जुने मित्र सुटतात. अपाय दिसत असूनहि हात थांबत नाहीं. घरच्यांना दिसतात ते तांबारलेले डोळे, अवेळीं सुटणारी खाखा, खिशांतील कागदाच्या पुड्या, आणि पैशाचा न लागणारा हिशेब. यांतील एकच चिन्ह पाहून मुलावर आरोप करूं नका. पण चार चिन्हें एकत्र दिसत असतां डोळेझांकहि करूं नका.

अपायांची यादी फार लांबवीत नाहीं. स्मरण व अवधान मंद होतात. ज्याला पाठ आठवत नाहीं तो शाळा सोडतो. वेळेचें व अंतराचें भान चुकतें. अशा स्थितींत मोटरसायकल चालविणें म्हणजे मृत्यूला मागें बसवून घेणें आहे. धुरानें जुनाट खोकला जडतो, आणि सोबत तंबाखू मिसळलेली असल्यास एका व्यसनाचीं दोन होतात. सर्वांत भयंकर म्हणजे चित्तभ्रम. स्वीडनमध्यें सैन्यभरतीच्या सुमारें ४५ हजार तरुणांवर पंधरा वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत, पुष्कळ गांजा ओढणाऱ्यांस छिन्नमनस्कतेचा विकार होण्याचा संभव न ओढणाऱ्यांच्या मानानें सुमारें सहापट आढळला. सर्वांस तो होत नाहीं. पण ज्यांच्या घराण्यांत असा विकार आहे, त्यांनीं तर या विस्तवाशीं मुळींच खेळूं नये.

तरुण मित्र विचारतील : फादर, कॅनडांत २०१८ सालीं याला कायद्यानें मोकळीक दिली, याच्यापासून औषधेंहि होतात, मग एवढा बाऊ कशाला? औषधें होतात, हें खरें आहे. या झाडांतील दुसऱ्या एका द्रव्यापासून केलेलें औषध लहान मुलांच्या कांहीं दुर्धर फेफऱ्यांवर २०१८ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. परंतु डॉक्टरांनीं थेंब मोजून दिलेलें औषध निराळें आणि कट्ट्यावर हातोहात फिरणारी चिलीम निराळी. कायदेशीर तें निरुपद्रवी, असेंहि नाहीं. दारू कायदेशीर आहे. तिनें आपल्याच गांवांतील किती संसार धुळीस मिळविले, हें मीं तुम्हांला सांगावें काय?

आतां उपचार. गांजाची ओढ थांबविणारें असें खास औषध अद्यापि मान्य झालेलें नाहीं. अमुक पुडीनें आठ दिवसांत व्यसन सुटतें, अशी जाहिरात करणाऱ्याच्या नादीं लागूं नका. तथापि उपचार आहेत, आणि ते गुणकारी आहेत. पहिली पायरी म्हणजे डॉक्टरांकडून तपासणी. कारण कित्येकदां गांजाच्या मागें दडलेली उदासीनता वा भीति हाच मूळ रोग असतो. दुसरी पायरी म्हणजे सोडतांना होणाऱ्या त्रासाची आगाऊ कल्पना देणें. तो एक-दोन दिवसांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यांत तीव्र असतो, व बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. झोंप मात्र कांहीं काळ अधिक सतावते व विचित्र स्वप्नें पडतात. या त्रासानें सहसा जीव जात नाहीं. पण तो येणार हें ठाऊक नसलें, तर मनुष्य पहिल्याच आठवड्यांत शरण जातो. माझ्या त्या मुलाचें असेंच झालें.

तिसरी व मुख्य पायरी म्हणजे समुपदेशन. त्यांत उपदेश कमी व प्रश्न अधिक असतात. सोडण्याचीं कारणें त्याच्याच तोंडून वदवून घेतात. कोणता कट्टा, कोणती वेळ, कोणता मित्र, कोणतें दुःख हाताला चिलमीकडे नेतें, हें त्याला शोधावयास लावतात आणि त्या प्रत्येक जागीं दुसरें काय करावें याची तालीम देतात. घरच्यांनाहि या बैठकींत बसवितात. ज्याचें बाहेर राहून जमत नाहीं, त्याला कांहीं काळ केंद्रांत ठेवितात. मुंबईंत वांद्रें येथें फादर जो परेरा यांनीं १९८१ सालीं 'कृपा फौंडेशन' स्थापन केलें. आपल्या वसईंतहि त्याचें केंद्र आहे. पुण्यांत डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानें १९८६ सालीं 'मुक्तांगण' उभें राहिलें, त्यास पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनीं मोठें साहाय्य केलें. सरकारचा १४४४६ हा विनामूल्य दूरध्वनीहि याच कामासाठीं आहे. मात्र जेथें मुलांना कोंडतात, साखळीनें बांधतात वा मारतात, अशा ठिकाणीं, त्याच्या दारावर कोणतीहि पाटी असो, आपलें मूल नेऊं नका.

आणि चौथी पायरी म्हणजे घसरल्यावर पुन्हां उठणें. पुष्कळ जण एकदां-दोनदां घसरतात. मधुमेही मनुष्याची साखर पुन्हां वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढीत नाहीं. पथ्य कोठें चुकलें हें पाहतों. येथेंहि तेंच करावें.

पालकहो, तुम्हांला माझी हात जोडून विनंती आहे. मुलगा धुंदींत असतां वाद घालूं नका. सकाळ होऊं द्या. मारूं नका. 'लोक काय म्हणतील' हें वाक्य उच्चारूं नका. लग्न करून दिलें म्हणजे सुधारेल, या समजुतीनें कोणाची निष्पाप मुलगी त्या आगींत ढकलूं नका. परदेशीं वा बोटीवर धाडलें म्हणजे संगत सुटेल, हाहि भ्रमच. मन तो बरोबरच घेऊन जातो. त्याचें कर्ज गुपचूप फेडूं नका, पण त्याचें ताट मात्र वाढून ठेवा.

येथें कोणी विचारील : मग हें पाप कीं रोग? ख्रिस्तसभा अमली पदार्थांचें सेवन गंभीर दोष मानते, आणि त्यांच्या व्यापाराला तर फारच कठोर शब्दांत दोष देते. पण तीच ख्रिस्तसभा असेंहि शिकविते, कीं जडलेल्या संवयीमुळें मनुष्याची जबाबदारी उणी होऊं शकते. म्हणून पापनिवेदनाला याच, पण माझ्याकडून डॉक्टरांकडेहि जा. मी दोघांपैकीं एकाचेंच काम करूं शकतों.

आणि आपण, हा सारा धर्मग्राम, काय करणार? मी तीन गोष्टी सुचवितों. पुढील महिन्यापासून दर शनिवारीं सायंकाळीं शाळेची एक खोली अशा कुटुंबांसाठीं उघडी राहील. तेथें कोणी कोणाचें आडनांव विचारणार नाहीं. दुसरें, आपल्या लग्नमांडवांतील दारूला आळा घाला. जेथें मोठ्यांच्या पेल्यांची मोजदाद नाहीं, तेथें मांडवामागील पोरांच्या चिलमीला आपण कोणत्या तोंडानें नांवें ठेवावींत? तिसरें, उपचार घेऊन परत आलेल्या मुलाला दुकानांत, वाडींत, गायनमंडळांत, फुटबॉलच्या संघांत जागा द्या. रिकामा हात जुन्याच मित्राकडे वळतो.

शेवटीं त्या मुलाविषयीं सांगतों. हें सांगण्याची परवानगी त्यानेंच दिली आहे. डॉक्टरांशीं बोलणें झाल्यावर मी त्याच्या घरीं गेलों व प्रथम त्याची क्षमा मागितली. मग, तीन वर्षांपूर्वीं जें विचारावयास हवें होतें, तें विचारलें : "बरें व्हावें असें तुला वाटतें का रे?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वाटतें, फादर. पण एकट्यानें जमत नाहीं."

बेथेस्दाच्या तळ्याकांठीं अडतीस वर्षें पडून असलेल्या रुग्णाला आपल्या प्रभूनें हाच प्रश्न विचारला होता, आणि त्या रुग्णानेंहि जवळजवळ हेंच उत्तर दिलें होतें : मला पाण्यांत उतरविणारें कोणी नाहीं. शुभवर्तमानाचा तो भाग मीं शेकडो वेळां वाचला होता, पण त्याचा अर्थ मला त्या मुलाच्या घरीं, त्याच्या खाटेच्या कांठावर बसून कळला. इच्छा रुग्णाची असावी लागते; तळ्यापर्यंत नेणारे हात मात्र दुसऱ्यांचे असावे लागतात. तो मुलगा त्यानंतर दोनदां घसरला व दोनदां उठला. आज त्याला सातवें वर्ष चालू आहे.

पन्नास वर्षांपूर्वीं आपल्या वडिलांनीं या मंदिरासाठीं हात दिले. पुढील पन्नास वर्षांत, आपल्या तळ्याकांठीं पडलेल्या एकाहि मुलाला 'मला कोणी नाहीं' असें म्हणावें लागूं नये, एवढेंच मागणें त्या कृपाळु पित्याजवळ मागून, व तुम्हां सर्वांस उत्सवाचा आशीर्वाद देऊन, मी आपली रजा घेतों.